आजोबांच्या रिव्हॉल्वरला वारस कोण?

पनवेल सोडून पळस्पे फाट्याला आलं की रस्ता दुभंगतो. एक पुण्याला जातो, दुसरा गोव्याला. आणि गोव्याच्या रस्त्यावर थोडं पुढे शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. मे १८७९मध्ये फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने याच पळस्प्यावर आणि चिखलीवर छापे घातले आणि सुमारे दीड लाखांचा ऐवज नेला. सरकार हादरलं, पण सावध ते आधीच झालं होतं. १८५७नंतर लोकांची हत्यारं काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला होताच. १८७८मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत, त्याला शस्त्र कायद्याचं रूप मिळालं. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना हवा, युरोपियनाला मात्र सूट, असा तो उघड पंक्तिप्रपंच होता. आज पनवेलच्या एखाद्या जुन्या घरात आजोबा जातात, त्यांच्या नावावरचं रिव्हॉल्वर कपाटात राहतं आणि 'आमच्याच घरातली वस्तू आमच्या नावावर करायला पोलिसांच्या दारात कशाला जायचं?' असा प्रश्न उठतो, तेव्हा हा इतिहास हमखास आठवला जातो. इंग्रजांनी घातलेली बेडी आपण अजून वागवतो आहोत, असा त्या आठवणीचा सूर असतो.

हा सूर खोटा नाही, पण पुढची हकिगत तो गाळतो. शस्त्र कायद्याविरुद्ध काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून तक्रार केली. जानेवारी १९३०मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरचा कर रद्द करण्याच्या मागणीबरोबर स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्यावेत, अशीही मागणी होती. अट एवढीच, की त्यावर लोकांचं नियंत्रण असावं. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ही मागणी करावी याचं अनेकांना आजही नवल वाटतं. १९३१च्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पण डिसेंबर १९४८मध्ये हरी विष्णू कामतांनी घटना समितीत याच कराची ठरावाचा दाखला देऊन तो हक्क राज्यघटनेत घालावा, अशी दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. नव्या राष्ट्रात नागरिकाच्या शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा प्रसंगी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याला महत्त्व आहे, आणि सरसकट हक्क दिला तर ज्यांच्या हाती शस्त्र जाऊच नये त्यांनाही तो मागता येईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला, त्यात वर्णावरून सूट देण्याचा प्रकार उरला नाही. परवाना मात्र राहिला, आणि तो आपणच चर्चा करून ठेवला. म्हणजे आजच्या वारसाने भांडायचंच असेल तर ते लिटनशी भांडून भागणार नाही.

या पार्श्वभूमीवर मला जे म्हणायचं आहे ते तसं व्यवहाराचं आहे. घरातल्या जुन्या पिस्तूल-रिव्हॉल्वरवर ज्याचं खरंच प्रेम आहे, त्याने ते मृत्युपत्रात लिहून ठेवण्यावर समाधान मानू नये. हयातीतच, हातपाय चालत असताना, ते पुढच्या पिढीकडे सोपवावं. कारण मालकी आणि ताबा या गोष्टी दागिन्यात, जमिनीत, भांड्यांत बहुधा एकत्र चालतात, बंदुकीत चालत नाहीत. मृत्युपत्राने मुलगा मालक होईल. पण परवाना वडिलांच्या नावावर होता आणि तो त्यांच्याबरोबर संपला. त्यानंतर ते रिव्हॉल्वर घरात ठेवायला मुलाजवळ कायद्याचा आधार उरत नाही. शस्त्र कायद्याचं २१वं कलम सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना मिळवला नाही, विक्रीही केली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. आणि जमा न करता घरातच ठेवलं तर? २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीसाठी किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. दु:खाच्या घरात तेराव्यापर्यंत हे कोणाच्या डोक्यात येत नाही, वर्षश्राद्धापर्यंतही येत नाही. मग कधीतरी कपाट आवरताना ती वस्तू हाती लागते आणि सभ्य माणसं घाबरून नको ते करतात: कोणी ट्रंकेच्या तळाशी दडवतं, कोणी रातोरात खाडीत टाकून येतं. अशा वेळी वकिलाच्या सल्ल्याने ठाण्याला लेखी कळवणं आणि सांगतील तसं जमा करणं हा एकच सरळ मार्ग आहे. झालेल्या उशिराचा खुलासा करता येतो, लपवण्याचा करता येत नाही.

हयातीत सोपवण्याची सोय मात्र कायद्यात आहे, आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. २०१६च्या शस्त्र नियमांतला २५वा नियम वारसांच्या परवान्याबद्दल आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतो, हा त्याचा एक भाग. दुसरा भाग असा, की परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा ते शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, यांतलं जे आधी घडेल तेव्हापासून त्याने नाव दिलेल्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. तिसाव्या वर्षी रिव्हॉल्वर घेतलेल्याला पंचावन्नाव्या वर्षी ते मुलाकडे किंवा मुलीकडे देण्याची वाट मोकळी होते. वारसाला अर्थात सगळ्या पायऱ्या स्वतः चढाव्या लागतात. वय किमान एकवीस, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला, सुरक्षित ठेवण्याची हमी, पोलिसांचा अहवाल. आणि देशभरच्या परवान्यांच्या संगणकीय नोंदीत मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक. त्या नियमातला शब्द 'देता येतो' असा आहे, 'दिला पाहिजे' असा नाही. वारसाहक्काने मिळतो तो अर्ज करण्याचा आधार. परवान्याची खात्री नव्हे. हयातीत हालचाल करण्याचा फायदा इथेच कळतो. अर्ज नामंजूर झाला तरी वडील आहेत, त्यांचा परवाना चालू आहे, शस्त्र घरात कायदेशीर आहे, दाद मागायला वेळ आहे. वडील गेल्यावर हीच धावपळ मुदतीच्या धाकाखाली करावी लागते.

अर्ज कुठे करायचा, यातही गोंधळ होतो. पनवेल रायगड जिल्ह्यात आहे, सातबारा आणि महसुलाची कामं अलिबागच्या कलेक्टर कचेरीशी जोडलेली आहेत. पण पोलीस आहेत नवी मुंबई आयुक्तालयाचे. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना अधिकारी पोलीस आयुक्त असतात, बाहेरच्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. शिवाय पाहिलं जातं ते वारसाचं राहण्याचं ठिकाण. वडील पनवेलला आणि मुलगी पुण्यात स्थायिक असेल तर तिने पुण्यात अर्ज करायचा. मुलगा न्यू जर्सीला असेल तर मात्र हा विषय जवळजवळ संपलाच. इथे न राहणाऱ्याच्या नावावर इथलं शस्त्र ठेवता येत नाही आणि सुट्टीला आलेल्याने ते सामानातून नेण्याचा विचारही करू नये. मुलीचं नाव घेतलं ते मुद्दाम. कायद्याच्या लेखी मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत, तरी घरात चर्चा होते ती मुलाची, फार तर पुतण्याची. ज्या महाराष्ट्राने पिस्तूल नेमबाजीत राही सरनोबत आणि रायफलीत अंजली भागवत, तेजस्विनी सावंत दिल्या, त्या महाराष्ट्रात हा संकोच जरा विनोदीच म्हणायचा.

आणखी एक अडसर आकड्यांचा आहे. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. १४ डिसेंबर २०१९पासून ही मर्यादा दोनवर आली, आणि ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना तिसरी जमा करायला एक वर्ष मिळालं. वारसाने येणाऱ्या शस्त्रालाही हीच मर्यादा लागू आहे, हे दुरुस्तीत स्पष्ट लिहिलेलं आहे. कोकणात याला वेगळा अर्थ येतो. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक शेतकरी घरांत रानडुकरं आणि वानरं यांच्यापासून पीक राखण्यासाठी ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुलाच्या नावावर शेतीसंरक्षणाची बंदूक आणि स्वतःचं एक पिस्तूल असेल, तर आजोबांच्या रिव्हॉल्वरला जागा उरत नाही. अशा घरात कोणती वस्तू कोणाकडे जाईल याचा विचार एकत्र बसून, आधी करावा लागतो.

आता सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात रंजक प्रश्न: ते रिव्हॉल्वर आहे तरी कोणतं? भारतात पिस्तूल-रिव्हॉल्वरचं भवितव्य नळीच्या मापावर ठरतं. .३२ बोअरचं रिव्हॉल्वर सामान्य नागरिकाला मिळू शकतं. पण .३८०, .४५५ आणि नऊ मिलिमीटर ही लष्करी काडतुसं ज्यांत बसतात ती हत्यारं प्रतिबंधित गटात मोडतात. त्यांचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालय घेतं आणि विनापरवाना सापडलं तर शिक्षा सात ते चौदा वर्षांची आहे. इथे कौटुंबिक दंतकथेची पंचाईत होते. 'पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, त्यांचं वेब्ली आहे,' असं अभिमानाने सांगितलं जातं, तेव्हा ते बहुधा १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलेलं मार्क सहा असतं, .४५५चं. दुसऱ्या महायुद्धातल्या अधिकाऱ्याचं वेब्ली किंवा एनफिल्ड असेल तर ते .३८०चं. म्हणजे ज्या रिव्हॉल्वरामागे युद्धाची कथा आहे तेच वारसाला मिळायला सर्वांत कठीण, आणि एखाद्या सावकाराने किंवा भाताच्या व्यापाऱ्याने गल्ल्याच्या राखणीला घेतलेलं .३२चं छोटं वेब्ली मात्र नातवापर्यंत सुखरूप पोहोचू शकतं. भावनेचा आणि कायद्याचा असा मेळ न बसणं खटकतं, पण कायदा पाहतो ते बाजारात आणि लष्करी कोठारात कोणतं काडतूस फिरतं हे. पणजोबांचा पराक्रम त्याच्या तपासणीत येत नाही. म्हणून पहिलं काम, परवान्यावर लिहिलेलं बोअर आणि क्रमांक प्रत्यक्ष हत्यारावरच्या खुणांशी ताडून पाहणं. जुन्या परवान्यांत हाताने लिहिताना .३२चं .३८ झालेलं असू शकतं, आणि ती चूक वडील असताना दुरुस्त होणं वेगळं, नंतर होणं वेगळं.

.३२ला आपल्याकडे एवढी प्रतिष्ठा का, याचंही उत्तर धोरणात आहे. खाजगी माणसांसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे आधी आलेली वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट एवढीच देशात उरली आणि त्यांच्या किमती हत्याराच्या गुणांपेक्षा दुर्मीळपणामुळे लाखांत गेल्या. कानपूरच्या सरकारी कारखान्याने .३२चं रिव्हॉल्वर काढलं ते वेब्लीच्याच घाटाचं. २०१४ला आलेल्या हलक्या 'निर्भीक'ची किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास होती. काडतुसं आपल्या शेजारची, पुण्याच्या खडकी कारखान्याची. बुडावरचा 'केएफ' हा शिक्का त्याच कारखान्याचा. या किमतींमुळे घराघरात एक चमत्कारिक गोष्ट होते. ज्याला बंदुकीचा 'ब' आवडत नाही असा भाऊही तिच्यावर हक्क सांगतो. वडिलांनी हयातीतच नाव दिलं असेल तर हा वाद उभा राहायला जागा कमी राहते. मग इतर भावंडांची समजूत दुसऱ्या कशाने काढायची ते काढता येतं.

सोपवायचं म्हणजे आपण आधी त्याचा आनंद घेतलेला असला पाहिजे. आपल्याकडे परवानाधारक बहुधा दोन टोकांना असतात: काही जण ते कमरेला मिरवतात आणि काही जण खंडेनवमीला बाहेर काढून, हळद-कुंकू वाहून पुन्हा कपाटात ठेवतात. मिरवणाऱ्यांबद्दल बोलण्यासारखं फार नाही. लग्नात, मिरवणुकीत, शर्यतीत हवेत बार काढणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पूजा करणाऱ्यांबद्दल मात्र आपुलकीने बोलावंसं वाटतं, कारण त्यांच्या हाती एक सुंदर यंत्र आहे आणि ते त्यांनी पाहिलेलंच नसतं. बर्मिंगहॅमचं वेब्ली उघडतं ते बिजागरीवर मोडून: अंगठ्याने खिटी दाबली की नळी पुढे झुकते आणि सिलिंडरच्या मधून चांदणीच्या आकाराचा भाग वर येऊन सगळी रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकतो. चिंचोळ्या जागेत, घाईत, एका हाताला दुसऱ्याची थोडीच मदत असताना हे व्हावं म्हणून केलेली ती योजना आहे. नळीवर आणि सिलिंडरवर बारीक शिक्के असतात. १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात जादा दाबाचा बार काढून ती नळी टिकली, असा त्यांचा अर्थ. शिक्के, क्रमांक आणि मूळ निळसर झाक हीच जुन्या हत्याराची कागदपत्रं. दसऱ्याला चकचकीत करायच्या हौसेने त्यावर पॉलिश मारणं म्हणजे ती पुसणं, आणि क्रमांक पुसला गेला तर वारशाचा प्रश्न सोडाच, गुन्ह्याचा प्रश्न उभा राहतो.

कोकणच्या पावसात लोखंडाचं काय होतं ते पनवेलकराला सांगायला नको, तरी रिव्हॉल्वरच्या बाबतीत एक चूक घरोघर होते. ते चामड्याच्या म्यानात घालून ठेवतात. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतात, आणि चार महिन्यांत म्यानाच्या आतल्या बाजूला लागलेला गंज नेमका नळीच्या तोंडाशी सापडतो. म्यान वेगळं, हत्यार वेगळं, तेलाचा पातळ हात आणि ओल शोषणारी पुडी, एवढं पुरतं. खोबरेल तेल वापरू नये. ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. जुनी काडतुसं हा याहून गंभीर विषय आहे. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नळीत उरून ती खात असत, आणि काळ्या दारूच्या काळातल्या रिव्हॉल्वरात नंतरच्या धूरविरहित दारूचं काडतूस उडवलं तर सिलिंडर फुटू शकतो. म्हणून आजोबांच्या डब्यातली काडतुसं आठवण म्हणूनही ठेवू नयेत, आणि वर्षानुवर्षं न उडालेलं हत्यार परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय चालवू नये. तपासून घेतल्यावर मात्र ते मान्यताप्राप्त रेंजवर, परवान्यावर लिहिलेल्या हेतूच्या आणि काडतुसांच्या मर्यादेत, अधूनमधून चालवावं. शंभर वर्षांच्या वस्तूचा तो खरा सहवास आहे. आणि वारसाची पारखही तिथेच होते. पनवेलमध्येच कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत, अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबमध्ये दहा मीटर एअर रायफल आणि पिस्तूल शिकवलं जातं. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस जूलपर्यंत शक्तीच्या एअरगनला परवाना लागत नाही. ज्या नातवाला आजोबांचं रिव्हॉल्वर हवं आहे, त्याने आधी वर्षभर तिथे छर्ऱ्याच्या पिस्तुलावर श्वास धरायला, बोट चापाबाहेर ठेवायला आणि नळी कायम निशाणाकडे रोखायला शिकावं. कंटाळून सोडून दिलं तर घराला जे कळायचं ते स्वस्तात कळलं.

या सगळ्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप असा, की घरात मुळात बंदूक ठेवायचीच कशाला? हा आक्षेप भित्र्यांचा म्हणून उडवून लावता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी त्रेसष्ट लाख प्रौढांचा २००४ ते २०१६ या काळातला अभ्यास २०२०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल-रिव्हॉल्वर बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळजवळ आठपट निघालं, स्त्रियांत पस्तीसपट. कोणत्याही मार्गाने झालेल्या आत्महत्या धरल्या तरी पुरुषांत तिपटीहून जास्त आणि स्त्रियांत सातपट. हे आकडे अमेरिकेचे आहेत, तिथे बंदूक सहज मिळते. पण दुःखाच्या एका तासात हाताशी काय आहे यावर बरंच काही ठरतं, हे सगळीकडे खरं आहे. त्यामुळे माझ्या म्हणण्याला एक मर्यादा मी आनंदाने घालून घेतो. हत्यार रिकामं, कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली एकाच परवानाधारकाकडे. आणि ज्या घरात कोणी नैराश्यातून जात आहे, दारूच्या आहारी गेलं आहे किंवा भाऊबंदकी हातघाईवर आली आहे, तिथे वारसा वगैरे बाजूला ठेवून ते विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करावं. परवान्यासाठी वैद्यकीय दाखला मागतात त्याचा राग येणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येतो. मुलं बाहेरगावी, बंगल्यात आम्ही दोघंच, आणि अशा वयात तुम्ही आमचं रिव्हॉल्वर काढून घ्यायला सांगता? नियम कोणावर सक्ती करत नाही. सत्तरीनंतरही परवान्याचं नूतनीकरण होऊ शकतं, आणि २०१९पासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. पण सुरक्षित ठेवलेलं रिव्हॉल्वर आणि रात्री अचानक कामाला येणारं रिव्हॉल्वर या दोन गोष्टी एकाच घरात एकाच वेळी नसतात. दोन कुलपं उघडून, चष्मा शोधून, थरथरत्या हाताने ते भरेपर्यंत चोर निघून गेलेला असतो, किंवा वाईट म्हणजे तेच हिसकावून घेतो. दाराला बळकट कडी, शेजाऱ्याचा फोन आणि ठाण्याचा नंबर यांनी त्या वयात जास्त संरक्षण होतं. ज्यांना तरी ते उशाशी हवं आहे त्यांचा युक्तिवाद मी समजू शकतो, पण मग तो संरक्षणाचा झाला. वारसा जपण्याचा नाही, आणि दोन्हींची गल्लत करू नये.

प्रामाणिक माणसालाच एवढे हेलपाटे, आणि गावठी कट्टे मात्र हवे तिथे मिळतात, ही तक्रार तर सर्वांचीच आहे. ती खरीही आहे. जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या २०१७च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सात कोटींहून जास्त बंदुका आहेत आणि त्यांपैकी नोंदवलेल्या एक कोटीही नाहीत. पण यातून परवाना सैल करावा असं निघत नाही. उलट मृत्यूनंतर घरात पडून राहिलेलं नोंदणीकृत रिव्हॉल्वर याच न नोंदवलेल्या ढिगात हळूच जाऊन पडतं, चोरीला गेलं तर गुन्ह्यात वापरलं जातं, आणि तपास येतो तो स्वर्गवासी आजोबांच्या नावावर. शेजारच्या कर्नाटकात कोडगूमध्ये कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, कैलपोळदच्या सणाला तिथे बंदुकांची पूजा होते, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१मध्ये ती सूट वैध ठरवली, हे खरं. ती सूट एका जुन्या प्रथेला आणि जमिनीच्या हक्काला बांधलेली आहे. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा आहे म्हणून तोच न्याय मागणं हा युक्तिवाद व्यासपीठावर बरा, कोर्टात टिकणारा नाही.

राहता राहिलं ते घर, जिथे वारस कोणीच नाही, किंवा आहे पण त्याला नको आहे. नको म्हणणाऱ्यावर आजोबांच्या नावाने दडपण आणू नये. अनिच्छेने घेतलेलं हत्यार सर्वांत निष्काळजीपणे ठेवलं जातं. वेब्लीच्या मायदेशाने या प्रश्नाला एक उत्तर शोधलं आहे. १९९६ला डनब्लेनच्या शाळेत मुलांचं हत्याकांड झालं आणि १९९७मध्ये ब्रिटनने खाजगी हँडगनवर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. तरी १९१९पूर्वीच्या ऐतिहासिक हँडगनसाठी फट ठेवली. काही घरात ठेवता येतात, पण काडतुसांशिवाय. काही चालवता येतात, पण बिस्लीसारख्या ठरलेल्या ठिकाणीच ठेवून. आपल्या कायद्यातलं ४५वं कलम जुन्यापुराण्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही कधी चालू शकणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. नुसतं जुनं आहे एवढ्याने भागत नाही, आणि चालू स्थितीतलं वेब्ली शंभर वर्षांचं असलं तरी बंदूकच राहतं. त्यामुळे आपल्याकडे वारस नसेल तर वाटा तीनच: परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकणं, त्यासाठी वारसाला मर्यादित मुदतीची परवानगी मिळू शकते, एखाद्या वस्तुसंग्रहालयाला ते हवं आहे का हे विचारणं, ज्याची शक्यता त्यामागे नोंद करण्याजोगा इतिहास असेल तर वाढते, किंवा सरकारजमा करणं. या तिन्हीतही मूळ खरेदीची पावती, जुने परवाने आणि हत्यार घरात कसं आलं याची वडिलांच्या हातची चार ओळींची नोंद लागते, आणि ती लिहायला ते असावे लागतात.